कामगाराचे घर : बांधावे की बांधलेले घ्यावे?



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. ही म्हण ज्यांनी केली त्यांच्यापाशी गावात वाडवडिलांची जागा होती, ओढ्याकाठी दगड होता, आणि वेळप्रसंगी हातभार लावायला चार भाऊबंद होते. तरीही घर बांधणे त्यांना इतके जड गेले की त्याची म्हण झाली. मग ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, महिन्याच्या महिन्याला हाती येणारा पगार एवढीच ज्याची इस्टेट, त्या शहरातल्या कामगाराने काय करावे? जागा घेऊन आपले लहानसे घर बांधावे, की दुसऱ्या कोणी बांधलेले, वापरलेले घर विकत घ्यावे? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

युनियनच्या कचेरीत बसणाऱ्या माणसापुढे पगार आणि बोनस यांच्या खालोखाल हा प्रश्न येतो. कोणी सातबाराचा उतारा घेऊन येतो, कोणी पागडीची पावती, कोणी बँकेचा छापील कागद. आणि विचारतो, ‘भाऊ, ह्यांत स्वस्त काय?’ माझे शालेय शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर. त्या वाचनात मला असे आढळले की हा प्रश्न आपल्या कामगाराचा एकट्याचा नाही. गेली अडीचशे वर्षे निरनिराळ्या देशांतले कामगार तो सोडवीत आले आहेत, आणि त्यांच्या उत्तरांतून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात आधीच सांगून टाकतो. घराच्या किमतीत जमीन, विटा, सिमेंट आणि मजुरी यांच्याखेरीज आणखी एक रक्कम दडलेली असते. ती म्हणजे थांबण्याची किंमत. पैसा गुंतल्यापासून डोक्यावर छप्पर येईपर्यंत जो काळ जातो, त्याचे ओझे कोणीतरी वाहावे लागते. कामगाराच्या घराचा इतिहास म्हणजे हे ओझे कोणी वाहिले याचा इतिहास होय.

प्रथम एक साधे गणित मांडू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, एका कामगाराचा पगार महिना २५,००० रुपये आहे आणि त्याच्यापाशी ४ लाखांची शिल्लक आहे. भूखंड ६ लाखांना मिळतो आणि त्यावर दोन खोल्या बांधायला १० लाख लागतात. म्हणजे एकूण १६ लाख. तेवढेच वापरलेले घर १७ लाखांना मिळते. व्याज शेकडा ९, आणि सध्या तो ६,००० रुपये भाडे भरतो. कागदावर पाहिले तर बांधणे एक लाखाने स्वस्त आहे. आता महिन्याचा हिशेब पाहा. बांधकामाचे कर्ज जोते, छत, गिलावा अशा टप्प्यांनी मिळते आणि उचललेल्या रकमेवर व्याज सुरू होते. १२ लाख पुरे उचलले म्हणजे नुसते व्याज ९,००० रुपये, वर भाडे ६,०००, मिळून १५,०००. ह्यांत मुद्दलाचा एक पैसाही फिटत नाही. वापरलेले घर घेणाराला १३ लाखांचे कर्ज काढावे लागते. वीस वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे ११,७०० रुपये होतो, त्यात मुद्दलही फिटत जाते आणि भाडे लगेच थांबते. म्हणजे एकूण बेरजेत लाखाने स्वस्त असलेले घर महिन्याच्या बेरजेत ३,३०० रुपयांनी महाग झाले. घर पुरे झाल्यावर बांधणाराचा हप्ता १०,८०० वर येईल आणि त्याची बचत खरी ठरेल, हे कबूल. परंतु तोवर त्याने टिकले पाहिजे. पाऊस लांबला, गवंडी निघून गेला, नगरपालिकेची परवानगी अडली, की पंधरा हजारांचे ओझे आणखी सहा महिने, आणखी वर्षभर. पगारदार माणूस एकूण बेरजेने मोडत नाही, तो महिन्याच्या बेरजेने मोडतो.

जुन्या घराचेही आपले हिशेब आहेत. मुद्रांक शुल्क भूखंडावर भरायचे ते जमिनीच्या किमतीवर. तयार घरावर भरायचे ते सगळ्या किमतीवर. शिवाय आधीच्या मालकाने जे थांबणे सोसले त्याचे मोल तो आपल्याकडून घेतो, आणि त्याच्या गळक्या गच्चीसह, गंजलेल्या सळ्यांसह व कागदपत्रांतल्या घोळासह घर आपल्या नावावर करून देतो. तेव्हा दोन्ही रस्त्यांवर टोल आहे. एकावर तो पुढच्या काळाचा, दुसऱ्यावर मागच्या काळाचा.

आता इतिहासाकडे वळू. इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरी रिचर्ड केटली नावाचा एक खानावळवाला होता. त्याच्या ‘गोल्डन क्रॉस’ नावाच्या पथिकाश्रमात कारागीर संध्याकाळी जमत. १७७५ मध्ये तेथे एक मंडळी स्थापन झाली. ज्ञात असलेली ही पहिली ‘बिल्डिंग सोसायटी’. अशा मंडळींची रीत आपल्या भिशीशी जुळती होती. ठरावीक सभासद दरमहा ठरावीक वर्गणी भरत. एका घरापुरता पैसा साठला की जागा घेऊन घर बांधत, आणि ते कोणाला द्यायचे हे बहुधा चिठ्ठी टाकून ठरवीत. घर मिळालेल्या सभासदाची वर्गणी चालूच राही. शेवटच्या सभासदाला घर मिळाले की हिशेब पुरा करून मंडळी मोडत. म्हणून त्यांना मुदतीच्या, म्हणजे विसर्जन पावणाऱ्या सोसायट्या म्हणत.

लँकेशायरमध्ये प्रेस्टन गावाजवळ लाँगरिज नावाची वस्ती आहे. तेथे १७९३ मध्ये अशी एक सोसायटी निघाली आणि १८०४ पर्यंत तिने एका ओळीत वीस घरे बांधली. ‘क्लब रो’ ह्या नावाने ओळखली जाणारी ती दगडी चाळ आजही उभी आहे. आपण त्या वीस सभासदांच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. पहिल्याला घर लवकर मिळाले. शेवटच्याने दहा-अकरा वर्षे वर्गणी भरली आणि त्या साऱ्या काळात दुसऱ्याच्या घरात भाडे भरले. थांबण्याचे ओझे नाहीसे झाले नाही. परंतु ते वीस जणांत वाटले गेले आणि एकाही सावकाराच्या दारात जावे लागले नाही. ह्या व्यवस्थेचा पाया म्हणजे ज्याला घर मिळाले तो उद्या वर्गणी बुडविणार नाही हा विश्वास. सगळे एका वस्तीतले, एका धंद्यातले, एकमेकांची घरे माहीत असलेले. म्हणून तो विश्वास टिकला.

पुढे १८३६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ह्या सोसायट्यांसाठी कायदा केला, आणि १८४५ पासून कायमच्या सोसायट्या निघू लागल्या. हा बदल दिसायला लहान, पण फार मोठ्या परिणामाचा होता. आता पैसे ठेवणारा वेगळा आणि कर्ज घेणारा वेगळा झाला. ज्याला घर नको त्यानेही व्याजासाठी पैसे ठेवावे, आणि ज्याला घर हवे त्याने चिठ्ठीची वाट न पाहता आजच कर्ज घ्यावे. थांबण्याचे ओझे ठेवीदाराने उचलले आणि त्याबद्दल व्याज घेतले. त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट झाली. जुन्या मंडळ्या घरे बांधण्यासाठी जन्मल्या होत्या. नव्या सोसायटीला कर्जदार घर बांधतो की वापरलेले घेतो याच्याशी कर्तव्य नव्हते. तिला गहाण ठेवायला तारण हवे होते, आणि उभे असलेले घर हे अर्धवट बांधलेल्या घरापेक्षा केव्हाही चांगले तारण. आज आपली बँक तयार सदनिकेला झटकन कर्ज देते आणि भूखंडाला हात आखडते, त्याचे मूळ येथे आहे. विश्वासाची जागा कागदाने घेतली, आणि कागदाला तयार घर आवडते.

जमिनीचा प्रश्नही इंग्रज कामगारांनी एकत्र येऊन सोडवून पाहिला. १८४७ मध्ये बर्मिंगहॅमलाच जेम्स टेलर यांनी फ्रीहोल्ड लँड सोसायटी काढली. मोठे शेत सोसायटीने ठोक भावाने घ्यायचे, रस्ते आखायचे, तुकडे पाडायचे, आणि सभासदांना त्याच भावाने द्यायचे. ह्यात राजकारणही होते. परगण्यात सालीना चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असणाऱ्यास मताचा हक्क होता. तेव्हा भूखंड हातात आला की मतही हातात येई. ठोक घेऊन किरकोळीत वाटण्याची ही युक्ती एकट्या माणसाला कधीच साधत नाही. एकटा माणूस किरकोळ भावानेच घेतो, आणि त्याच्या तुकड्यात मधल्या दलालाचा नफा आधीच भरलेला असतो.

येथवर घर मिळविणे ही कामगाराच्या हिताचीच गोष्ट आहे असे आपण धरून चाललो. परंतु कामगार चळवळीतच याला एक थोर विरोधक झाला. फ्रान्समध्ये मुलूझ या गिरणगावात १८५३ मध्ये कारखानदारांनी पुढाकार घेऊन कामगारवसाहत बांधायला घेतली. चार घरे एका छपराखाली, प्रत्येकाला बागेचा तुकडा, आणि किंमत बरीच वर्षे हप्त्यांनी फेडायची. पुढे तेथे हजाराहून अधिक घरे झाली आणि युरोपभर वाखाणणी झाली. फ्रीड्रिख एंगल्स यांनी १८७२-७३ मध्ये घरांच्या प्रश्नावर जी लेखमाला लिहिली तीत अशा योजनांवर कडक टीका केली. त्यांचे दोन मुद्दे आपण लक्षात घेण्यासारखे आहेत. एक असा की, ज्या कामगाराचे घर गहाण पडले आहे तो त्या गावाला आणि त्या मालकाला बांधला जातो. काम सोडून जाण्याची त्याची मोकळीक जाते. दुसरा असा की, सगळ्या कामगारांना घरभाडे भरावे लागेनासे झाले तर मालक तेवढी मजुरी कमी करतील.

पहिल्या मुद्द्याविषयी मी अनुभवाने बोलतो. संप तिसऱ्या महिन्यात गेला की द्वारसभेला येणाऱ्यांत ज्यांचे हप्ते चालू आहेत त्यांचे चेहरे वेगळे ओळखू येतात. हे मी अनेकदा पाहिले आहे. परंतु मालकाच्या खोलीत राहणाऱ्याचे हाल मी त्याहून वाईट पाहिले आहेत. कामावरून काढल्याबरोबर ज्याला खोली सोडण्याची नोटीस येते, त्याच्या पाठीशी उभे राहायला युनियनला दुप्पट बळ लागते. ज्याच्या हाती छप्पर, त्याच्या हाती संप. म्हणून मला एंगल्स यांचा इशारा घ्यावासा वाटतो, पण घर घेऊ नये असा त्याचा अर्थ मी करीत नाही. हप्ता एवढाच असावा की तीन-चार महिने पगार थांबला तरी घर जाऊ नये, असा मी त्याचा अर्थ करतो. दुसऱ्या मुद्द्याला आपल्या देशाने एक उत्तर दिले आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे जे निकष ठरविले, त्यांत अन्न-वस्त्रांबरोबर घरभाडेही धरले. घर ही वेतनाच्या हिशेबातली बाब आहे हे एकदा मान्य झाले, म्हणजे ती रक्कम राखणे हे संघटनेच्या बळावर अवलंबून राहते.

आता मुंबईकडे येऊ. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि गिरणगावातल्या कोंदट वस्तीकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते काढले, जुनी वस्ती पाडली आणि काही चाळी बांधल्या. त्यानंतर १९२० मध्ये सरकारने विकास खाते उघडले. त्याच ‘बी. डी. डी.’च्या चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एकेका इमारतीत ऐंशी खोल्या, एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. पन्नास हजार खोल्यांचा मूळ बेत सोळा हजारांच्या आसपास थांबला. आणि गंमत अशी की, घरांसाठी तळमळणाऱ्या त्या शहरात आरंभी ह्या खोल्यांतल्या पुष्कळशा रिकाम्या राहिल्या. कारण भाडे कामगाराच्या ऐपतीच्या वर होते. बांधणाराने बांधण्याचा खर्च पाहिला, महिन्याची बेरीज पाहिली नाही.

महायुद्धांच्या काळात भाड्यावर निर्बंध आले, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० चे भाडे हा पाया धरला. भाडेकरूला हे मोठेच संरक्षण होते. पण भाडे गोठले तशी खोलीच्या ताब्याला किंमत आली आणि पागडीची पद्धत पक्की झाली. सोडून जाणारा भाडेकरू नव्याकडून रक्कम घेई, त्यातला वाटा घरमालक घेई, आणि भाडेपावतीवरचे नाव बदले. गिरणी कामगाराच्या ओळखीची ‘वापरलेल्या घराची खरेदी’ ही अशी होती. त्याने भिंत विकत घेतली नाही, जमीन घेतली नाही. पावतीवरचे एक नाव घेतले. १९४७ च्या कायद्याने तो व्यवहार गुन्हा ठरविला होता, म्हणून त्याचा कागद होत नसे, आणि कागद नाही म्हणून कर्ज मिळत नसे. मग पागडीची रक्कम कोठून आणायची? बायकोचे दागिने, गावची जमीन, किंवा पठाणाचे व्याज. पुढे १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने अशा रकमेला मान्यता दिली. तो कायदा २००० मध्ये अमलात आला. तोवर दोन-तीन पिढ्या होऊन गेल्या होत्या. मध्यंतरी इमारती म्हाताऱ्या झाल्या. गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करीना, आणि मालकी नाही म्हणून भाडेकरू करीना. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला, आणि दक्षिण व मध्य मुंबईतल्या सुमारे १९,६०० इमारती उपकर भरून त्याच्या छत्राखाली आल्या. स्वस्त घेतलेल्या जुन्या घराची थांबलेली दुरुस्ती ही अशी साठत जाते आणि एक दिवस पावसाळ्यात एकदम वसूल होते.

ह्याच मुंबईत मध्यमवर्गाने मात्र एक निराळी वाट काढली होती. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानंतर रावबहादूर तल्माकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. इमारत संस्थेची, सभासदाचे भाग संस्थेत, आणि राहण्याचा हक्क सभासदाचा, अशी तिची घडण होती. तिच्यात बर्मिंगहॅमच्या कारागिरांचाच विचार आहे : एकट्याने न थांबता मिळून थांबावे. फरक एवढाच की, येथे सभासदांपाशी नियमित पगार, लिहिण्यावाचण्याची सवय आणि ज्ञातीचा परस्परविश्वास ही तिन्ही होती. कामगाराला विश्वास होता, पण पगार अपुरा आणि कागद परका होता.

मग कामगाराने जागा घेऊन घर बांधण्याचा रस्ता कोठे धरला? मुंबईत जमीन त्याच्या आवाक्याबाहेरची. पण पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, औरंगाबाद अशा नव्या कारखानदारीच्या शहरांभोवती तो शेतातल्या गुंठ्याकडे वळला. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. शेतकऱ्याला शेतीपेक्षा गुंठ्याने अधिक पैसा मिळे आणि कामगाराला बिगरशेती भूखंडापेक्षा गुंठा स्वस्त पडे. स्वस्त का पडे? रस्ता नाही, गटार नाही, मंजूर नकाशा नाही, आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे सातबारावर स्वतंत्र नोंद होण्याची अडचण. बँक कर्ज देत नसे म्हणून कामगाराने स्वतःच टप्पे पाडले. एका बोनसात जोते, दुसऱ्यात भिंती, वर पत्रे. भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली की छत. १९५२ च्या त्या योजनेत जागा, बांधकाम आणि तयार घर या तिन्ही कामांसाठी उचल देण्याची सोय होती, पण जागेचा कागद स्वच्छ नसला तर तीही अडे. अशा रीतीने आठ-दहा वर्षांत घर उभे राही. शेवटी २००१ मध्ये सरकारने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरच्या बांधकामांपर्यंत वाढविली. ह्या घरांना कोणी बेकायदा म्हणोत. मला त्यांत आपल्या कामगाराचा पराक्रम दिसतो. त्याने व्याज जवळजवळ भरले नाही. पण त्याने थांबण्याची किंमत दुसऱ्या नाण्यात भरली : उघड्या गटारात, टँकरच्या पाण्यात, आणि उद्या बुलडोझर येईल काय या काळजीत.

१९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एच. डी. एफ. सी. स्थापन केली, आणि सामान्य पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी संस्था भारतात प्रथमच रुजली. २०२३ मध्ये ती बँकेत विलीन झाली, पण तिने घालून दिलेली रीत सगळ्या बँकांनी उचलली आहे. वीस वर्षांचा हप्ता ही कामगाराच्या आयुष्यात आलेली मोठीच सोय आहे, यात शंका नाही. मात्र ती पगाराची चिठ्ठी पाहून मिळते. कंत्राटी कामगार, विडी वळणारी बाई, यंत्रमागावरचा विणकर यांच्यापाशी ती चिठ्ठी नाही. त्यांच्यासाठी बांधणे आणि विकत घेणे हे दोन्ही दरवाजे सारखेच बंद.

ह्याच संदर्भात दोन हकिगती सांगतो. पहिली मुंबईच्या गिरण्यांची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे कधी घेतला गेला नाही आणि हळूहळू गिरण्या बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनीचा काही हिस्सा घरांसाठी राखावा आणि त्यात कामगारांनाही घरे मिळावी यासाठी कामगार वर्षानुवर्षे झगडले. घरासाठी अर्ज आले ते सुमारे दीड लाख. २८ जून २०१२ ला पहिली मोठी सोडत निघाली. ६,९२५ घरे, प्रत्येकी २२५ चौरस फूट, किंमत साडेसात लाख. संपापासून तीस वर्षे झाली होती. नाव निघाले ते पुष्कळदा वारसाच्या हाती गेले. लाँगरिजच्या शेवटच्या सभासदानेही अकरा वर्षे वाट पाहिली होती, पण आपला क्रमांक येणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आमच्या गिरणी कामगाराला ते ठाऊक नव्हते. थांबण्याहून जड असते ते मुदत नसलेले थांबणे.

दुसरी हकिगत सोलापूरची. तेथल्या विडी कामगार स्त्रिया नरसय्या आडम यांच्या संघटनेत एकत्र आल्या आणि गोदूताई परुळेकर यांच्या नावाने त्यांनी गृहनिर्माण संस्था काढली. शहराबाहेर कुंभारी गावच्या हद्दीत जमीन घेऊन दहा हजार घरे बांधली. घराची किंमत साठ हजार. त्यात वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे आणि वीस हजार कामगार स्त्रीचे. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते ती वसाहत त्यांना मिळाली. पुढे तेथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर उभारायला घेतले, आणि त्यातली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. पक्ष बाजूला ठेवून ह्या हकिगतीकडे पाहावे. एकट्या विडी कामगार बाईला गुंठाही परवडला नसता आणि बँकेने तिला दारातही उभे केले नसते. जमीन ठोक घेतली ती संस्थेने, ओझ्याचे दोन हिस्से उचलले सरकारने, आणि सरकारला ते उचलायला लावले संघटनेने. तरीही वर्षे गेली, मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या. वसाहत शहरापासून दूर असल्याने कामाला जाण्यायेण्याचा खर्चही मागे लागला. परंतु थांबणे एकटीचे नव्हते.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येतो. ‘भाऊ, ह्यांत स्वस्त काय?’ असे विचारणाराला मी तीन गोष्टी विचारतो. छप्पर येईपर्यंत भाडे आणि व्याज मिळून महिन्याला किती जाईल, आणि काम वर्षभर रखडले तर ते झेपेल काय? जुने घर असेल तर इमारतीचे वय काय, सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे काय, आणि आधीच्या मालकाने न केलेली दुरुस्ती किती? आणि तिसरे, ह्या व्यवहारात तू एकटा आहेस की चार जण तुझ्याबरोबर आहेत? पगार नियमित पण शिल्लक थोडी, अशा एकट्या माणसाने स्वच्छ कागदाचे, फार न थकलेले, वापरलेले घर घ्यावे. दुसऱ्याने सोसलेल्या थांबण्याचे दोन पैसे अधिक द्यावे आणि रात्री स्वस्थ झोपावे. बांधायचेच असेल तर शक्य तेथे एकट्याने बांधू नये. वीस जणांनी, पन्नास जणांनी मिळून जमीन घ्यावी, नकाशा मंजूर करून घ्यावा, आणि मगच पहिला दगड ठेवावा. बर्मिंगहॅमच्या खानावळीत जमलेल्या कारागिरांपासून कुंभारीच्या विडी कामगार स्त्रियांपर्यंत, गरिबाने बांधलेली घरे टिकली ती ह्याच वाटेने.

म्हणीत थोडी भर घालण्याचा अधिकार श्रोत्यांनी दिला तर मी एवढेच म्हणेन : घर पाहावे बांधून, पण पाहावे दहा जणांनी मिळून.